दिवं वाढलं

वडिलांच्या गाडीची किल्ली आठ महिने माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडून होती. कार्बन ब्रश, स्लीव्हचे तुकडे आणि मोजमापाच्या पट्ट्या यांच्यात. ती मी त्यांच्या हातातून काढून घेतली होती, आणि घेताना मला जराही वाईट वाटलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला डॅशबोर्डवरचा दिवा दिसत नसेल तर त्याच्या हातात गाडी द्यायची नाही. यात विचार करण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नाही. चूक माझी होती. ती कशी झाली ते लिहून ठेवायचं आहे, कारण तोंडी सांगताना मी लवकर आटोपतं घेते.

माझं सांगलीजवळ माधवनगरला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या आणि बोअरमधल्या मोटारी जळतात, त्या आमच्याकडे येतात. जळकी तार तोडायची, नवी गुंडाळायची, वार्निश मारायचं, भट्टीत वाळवायचं, टेस्ट करून द्यायचं. लग्न होऊन आले तेव्हा हे दुकान सासऱ्यांचं होतं. त्यांना डबा द्यायला जायची, ते जेवेपर्यंत तिथंच बसायची, बसता बसता शिकले. आता सव्वीस वर्षं झाली. अजूनही नवीन गिऱ्हाईक आत डोकावून विचारतं, "मालक न्हाईत व्हय?" मी हातातली पक्कड न ठेवता म्हणते, "आहेत की. बोला."

माहेर कराडजवळ, कृष्णेच्या काठाला. वडील फौजेत ट्रक चालवायचे. पेन्शन घेऊन घरी आले आणि दोन-तीन वर्षांत त्यांनी एक जुनी गाडी घेतली. फिकट पिवळी, गिअरचा दांडा स्टेअरिंगजवळ, पुढची सीट बाकड्यासारखी सलग. गावात तेव्हा दुसरी गाडी नव्हती. अडलेली बाई कराडच्या दवाखान्यात न्यायला हीच, नवरी सासरी पोचवायला हीच. मलाही सांगलीला तिनंच आणून सोडलं. उतरताना मी रडत होते, आणि वडील म्हणाले, "दार नीट लाव. हळू लावलं की उघडतंय."

त्या गाडीच्या डॅशबोर्डवर दोन दिवे होते. एक लाल, बॅटरी चार्ज होत नसेल तर लागणारा. दुसरा पिवळा, इंजिनात तेलाचा दाब नसेल तर लागणारा. किल्ली अर्धी फिरवली की दोन्ही लागले पाहिजेत, इंजिन सुरू झालं की दोन्ही गेले पाहिजेत, आणि चालत्या गाडीत पिवळा लागला तर जागच्या जागी थांबलं पाहिजे. एवढंच शास्त्र. वडील किल्ली अर्धी फिरवून थांबायचे आणि हजेरी घ्यायचे. "लाल?" मी पुढच्या सीटवर, पाय खाली न टेकणारी, ओरडायची, "हजर!" "पिवळा?" "हजर!" मगच गाडी सुरू व्हायची. मला ते माझ्यासाठी केलेलं वाटायचं. मोठी झाल्यावर कळलं, ते एकटे असतानाही तसंच करायचे. चाळीस वर्षांत त्या गाडीनं कुणाला साधा धक्का दिला नव्हता. गावात त्यांना नुसतं "ड्रायव्हर" म्हणायचे, दुसऱ्या कुणाला ते नाव नव्हतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांचा फोन आला.

"दिवं मंद झाल्यात गं. सकाळचं दिसत्यात, उन्हाचं कळतच न्हाईत."

"आबा, डोळे दाखवून घ्या आधी."

"डोळ्याला काय धाड भरलीया? रोजचा पेपर वाचतोय."

"मथळे वाचत असाल."

"समोरच्या भितीवर मुंगी चाललीया. कुठल्या पायानं लंगडती सांगू का?"

मी हसले. मग म्हटलं, अर्थिंग खराब झालं असेल, जुन्या गाड्यांत तेच असतं, रविवारी येऊन बघते. तो रविवार गेला. पुढचे दोनही गेले. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, व्होल्टेज पडतं, मोटारी पटापट जळतात. दुकानापुढं ट्रॅक्टर आणि छोटा हत्ती यांची रांग असते. प्रत्येकाचं पीक वाळत असतं आणि प्रत्येकजण म्हणतो, माझी आधी. बापाचे दोन दिवे त्या रांगेत सगळ्यात मागं उभे राहिले. शेवटी मी कराडच्या ओळखीच्या वायरमनला फोन केला आणि म्हटलं, जाऊन बघून ये, बल्ब पूस, अर्थिंग घट्ट कर.

तो जाऊन आला त्या संध्याकाळी मी वडिलांना फोन लावला. दुकानात एक मोटर टेस्टवर चढवली होती, ती गुणगुणत होती. एका कानात बोट घालून मी बोलत होते. ते बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"आला होता का तो?"

"आलता. गेला."

"मग? दिव्यांचं काय झालं?"

"दिवं वाढलं गं."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग बरं झालं की."

ते जरा थांबले. "बरं झालं म्हणतीस?"

"मग काय! एकदाचं झालं."

"उद्या आत्याला पोचवायला जायाचं हाय. मग चालवू गाडी?"

"चालवा की आबा. आता कशाची भीती?"

"बरं," ते म्हणाले. फोन ठेवला. मी मोटारीकडं वळले.

आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तासगावच्या पुढं एका खेड्यात राहते. घरामागं बेदाण्याचं शेड आहे, द्राक्षं उतरली की तिला तिथून हलता येत नाही. त्याच्या आधी आठ दिवस ती भावाकडं येऊन राहायची आणि वडील तिला स्वतः पोचवायचे. त्या दिवशी विट्याच्या पुढं इंजिनचं तेल खालून सगळं रस्त्यावर गेलं, पाच-सहा किलोमीटर गाडी तशीच चालली आणि मग इंजिन जागेवर जाम झालं. कुणाला लागलं नाही. एका टेंपोनं गाडी ओढत परत आणली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. गाडी शेडमध्ये उभी होती, मेस्त्री खालून बघून बाहेर आला होता, माझा भाऊ कमरेवर हात ठेवून उभा होता. भाऊ तिथंच राहतो, ऊस बघतो. मेस्त्री म्हणाला, "तेल संपंस्तवर पळवली. पिवळा दिवा बोंबलला असणार, बघितलं न्हाई त्यांनी."

मी वडिलांना विचारलं, "आबा, दिवा दिसला नाही?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, वय झालंय, प्रश्न पोचायला वेळ लागतोय.

"न्हाई दिसला," ते म्हणाले.

"लागला असणार. परवाच तर दुरुस्त झालेत."

"असंल."

भाऊ म्हणाला, "मी कवाधरनं सांगतोय आक्का, नजर गेलीया ह्यांची. गावात तोंड दाखवायला जागा ठेवत्यात का न्हाई कुणाला ठावं. आत्या हुती गाडीत."

"माझंच चुकलं," वडील म्हणाले. "दिसलं न्हाई मला."

आत्या पायरीवर बसली होती. तिनं तोंड उघडलं आणि वडिलांनी तिच्याकडं नुसतं बघितलं. तिनं मिटलं. हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं.

मग मी हात पुढं केला. त्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

दुकानात मी कुणाच्या शब्दावर मोटर उघडत नाही. गिऱ्हाईक म्हणतं जळली, मी म्हणते थांब, आणि मीटर लावते. निम्म्या वेळा मोटर ठीक असते, केबल तुटलेली असते. त्या दिवशी किल्ली माझ्या हातात होती आणि गाडी चार पावलांवर. अर्धी फिरवून बघायला तीन सेकंद लागले असते. मी फिरवली नाही. मला उत्तर आधीच माहीत होतं.

त्यांना सांगलीला डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर उत्तम आहे, उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, घाई नाही. मी म्हटलं, करूनच टाकू. वडिलांनी कुठल्याच कागदावर सही करताना का म्हणून विचारलं नाही. आठवडाभर ते माझ्याकडं राहिले, डोळ्याला पट्टी लावून दुकानात खुर्चीवर बसायचे. येणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलायचे. एकदा माझ्या मागं एकाला सांगताना ऐकलं, "पोरगीनं चालू कर म्हणलं की डोळं झाकून कर. तिचा शब्द खोटा पडत न्हाई." मला बरं वाटलं होतं. मी मान वर न करता तार गुंडाळत राहिले.

इंजिन बांधून घेऊ या, असं ते दोनदा म्हणाले. मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले नाहीत.

गाडी शेडमध्येच होती. ते दर सोमवारी ती पुसायचे, पण बाहेरून. दार कुलुपात आणि किल्ली माझ्याकडं. भाऊ फोनवर सांगायचा, आज बी पुसत बसल्यात, काचेला नाक लावून आत बघत्यात. दसऱ्याला त्यांचा फोन आला.

"येताना किल्ली आणतीस का? पूजेपुरती. आत दोन फुलं ठेवतो."

"आबा, बाहेरूनच करा की पूजा. देवाला सगळीकडून पोचतं."

"व्हय," ते म्हणाले. "ते बी खरंच."

मी गेले तेव्हा बॉनेटवर झेंडूची माळ होती, चाकांना हळद-कुंकू, चारी चाकांखाली लिंबं. लिंबं तशीच होती. चिरडायला गाडी हलली नव्हती.

दिवाळी झाल्यावर पंधरा दिवसांनी, दुपारी वडील जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत.

आमच्यात माणूस जिथं गेलं तिथं दिवा ठेवतात. जमिनीवर पीठ पसरायचं, त्यावर पणती, वर पालथी बुट्टी, म्हणजे बांबूची टोपली. तेल घालत राहायचं, दिवस होईपर्यंत ती जाऊ द्यायची नाही. आत्या येऊन राहिली होती आणि दिव्याजवळून हलत नव्हती. मी हलत होते. मांडववाला, भांडी, भटजी, येणारी-जाणारी माणसं हे सगळं मी बघत होते. कुणीतरी बघायलाच लागतं, आणि मला बसून राहणं जमत नाही.

सातव्या दिवशी दुपारी मी अंगणात मांडववाल्याशी बोलत होते. आतून आत्याची हाक आली.

"दिवा वाढला गं! ये लवकर! दिवा वाढला!"

मी धावले. मनात आलं, ज्योत भडकली, बुट्टीनं पेट घेतला. वाटेत पाण्याचा तांब्या होता तो उचलला आणि तशीच खोलीत शिरले, हात मागं नेला, ओतणार एवढ्यात थांबले. बुट्टी बाजूला होती. पणती काळी. वातीतून धुराची एक रेघ वर चालली होती.

आत्या माझ्याकडं बघत होती. "पाणी कशाला आणलंस, पोरी? काडेपेटी आण."

"तू वाढला म्हणालीस."

"वाढलाच की. बघ की." तिनं काळ्या पणतीकडं बोट केलं. "मग काय म्हनू? विझला म्हनू? दिव्याला विझला म्हनू नये. तुजी आय नव्हती व्हय म्हनत?"

म्हणत होती. आई दिव्याला कधी फुंकर मारू द्यायची नाही, आणि विझव म्हणायची नाही. बांगडी फुटली तर वाढली म्हणायची. नारळ मी अजून वाढवतेच, फोडत नाही. पण घरात बटणं आली, आई गेली, आणि दिव्यापुरता तो शब्द माझ्या कानातून निघून गेला. माझ्या धंद्यात वाढणं म्हणजे वाढणंच. व्होल्टेज वाढतं, लोड वाढतो.

दिवं वाढलं गं. दोन्ही? दोन्ही. मग बरं झालं की.

मी तांब्या खाली ठेवला. काडेपेटी आणली. आत्यानं दिवा लावला. मग मी तिच्यासमोर खाली बसले, सात दिवसांत पहिल्यांदा.

"आत्या, मार्चात मी फोन केला होता तेव्हा तू होतीस इथं?"

"हुते की. फोन ठेवला आन् गपच बसला. मी म्हनलं, काय म्हनली? तर म्हनला, बरं झालं म्हनती. चालवा म्हनती. मी म्हनलं, दिवं न्हाईत आन् चालवा कसं म्हनती? तर म्हनला, ती मोटारीतली हाय, तिला कळतंय. दिव्याबिगर बी चालत असंल."

"आणि?"

"आन् काय. सकाळी तेलाची कांडी काढून बघितली. पुसली, परत बघितली. म्हनला, तिनं सांगितलंय खरं, पर आपून बघावं. तेल बराबर हुतं. वाटंत कुठं गळालं देवाला ठावं. दिवा असता तर कळलं असतं."

"मग मला का नाही बोललीस? त्या दिवशी, पायरीवर?"

"त्यानं बोलू दिलं का? टेंपोत बसल्यावरच म्हनला, तिला म्हनू नगंस. तिचं दुकान हाय. चार मानसं तिच्या शब्दावर मोटारी चालू करत्यात." आत्यानं पणतीत तेल घातलं, हात पदराला पुसला. "मला वाटलं तुला ठावं हाय. तू आपल्या तोंडानं सांगितलंस, आन् गाडी बंद पडल्यावर त्याच्याच हातातनं किल्ली काढून घेतलीस. लय राग आलता तुजा. म्हनलं, चूक हिची आन् शिक्षा बापाला. शिकलेली हाय, म्हनून आसंल."

ती आठ महिने असं समजत होती. आणि वडील आठ महिने काय समजत होते? मी बरं झालं म्हटलं ते माझं अज्ञान होतं, असं? की मी विसरले? की चूक लपवायला मी त्यांचे डोळे पुढं केले? त्यांना यातलं काय वाटलं हे मला कधी कळणार नाही. दिसलं न्हाई मला, असं ते माझ्या तोंडावर म्हणाले. नसलेला दिवा दिसला नाही, एवढंच ते म्हणाले होते. खोटं नव्हतं त्यात. आणि त्याच्यावर मी त्यांच्या चांगल्या डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं.

मी रडले का, असं कुणी विचारेल. आत्या रडत होती. मी उठून मांडववाल्याचं बोलणं पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीला गेले, ड्रॉवरमधून किल्ली घेतली, हत्यारांची पेटी घेतली, अकरापर्यंत परत आले. गाडीचं दार उघडलं. बाहेरून चकचकीत गाडी आतून धुळीनं भरलेली होती. स्टेअरिंगवर धूळ, सीटवर धूळ, मुठीएवढ्या जागेत उंदरानं काथ्या उपसलेला. माझ्या गाडीची बॅटरी वायरी लावून जोडली. किल्ली अर्धी फिरवली. लाल नाही, पिवळा नाही. तीन सेकंद.

स्क्रू चार होते. पॅनल पुढं ओढलं, मागं टॉर्च धरली. दोन्ही दिव्यांची अर्थिंगची वायर एकच, जुनी, कडक झालेली. तिच्या टोकाचं गोल थिंबल बॉडीच्या पत्र्यावर एका स्क्रूनं आवळलेलं. थिंबलावर हिरवा गंज चढला होता. बोट लावलं तर वायर हातातच आली. आधी गंजानं करंट अडवला, म्हणून दिवे मंद झाले. वायरमननं पॅनल ओढून बल्ब पुसले, तेव्हा वायरीतल्या तांब्याच्या शेवटच्या दोन काड्या तुटल्या असणार. त्याला मी दोष देत नाही. तो गेला तेव्हा कदाचित लागतही असतील.

अर्थिंग असेल, असं मी फोनवर म्हटलं होतं ते बरोबर होतं. माझं ज्ञान सगळं बरोबर होतं.

पत्रा पॉलिश पेपरनं पांढरा होईपर्यंत घासला, नवं थिंबल दाबलं, नवी वायर टाकली. एक बल्ब आतून काळा पडला होता, तो बदलला. रंगीत काचा ओल्या फडक्यानं पुसल्या. किल्ली फिरवली. उन्हातसुद्धा दोन्ही डोळ्यात भरले. पस्तीस मिनिटं लागली.

भाऊ मागं येऊन उभा होता. "आक्का, आता दिवं करून काय करायचं? इंजिन तर जाम हाय."

"बस इथं."

"मला काम हाय."

"बस म्हटलं ना."

तो बसला. मी नवी वायर काढली, दिवे गेले. पुन्हा लावली, लागले. मग जुनं थिंबल त्याच्या हातावर ठेवलं. "आबांना दिसत होतं. हे गेलं होतं. मी फोनवर ऐकलं एक आणि ते म्हणाले दुसरं." सगळं सांगितलं. तो थिंबल बोटांत फिरवत राहिला. हिरवट पूड त्याच्या पँटीवर पडली.

"मी पारावर चार मानसांत बोललो हुतो," तो म्हणाला, "म्हातारा आंधळा झाला म्हणून. आबा पलीकडंच बसलं हुतं."

मी पॅनलचे चार स्क्रू आवळायला घेतले.

बाराव्याला पंगत बसली. मी भाताचं भांडं घेऊन वाढत होते. वडिलांबरोबर फौजेत असलेले एक म्हातारे गृहस्थ रांगेत होते, ते शेजारच्याला म्हणाले, "चाळीस वर्सांत एक ओरखडा न्हाई. शेवटी नजरंनं घात केला गड्याचा." शेजारच्यानं मान हलवली. रांगेतल्या दोघा-चौघांनीही हलवली. ती गोष्ट आता गावात पक्की झाली होती. ड्रायव्हरची नजर गेली.

मी तिथंच थांबले. "काका, नजर नव्हती गेली. गाडीचे दिवे गेले होते. त्यांनी मला सांगितलं होतं, दिवं वाढलं म्हणून. मला वाटलं उजेड वाढला. मीच म्हटलं, चालवा."

पंगतीतला आवाज एकदम खाली आला. यातल्या निम्म्या घरांच्या मोटारी माझ्याकडं येतात.

"आन् त्यानं सांगितलं न्हाई कुणाला?"

"नाही."

"का?"

"माझं दुकान आहे म्हणून."

म्हाताऱ्यांनी ताटाकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय. त्याचं तसंच हुतं." आणि ताट पुढं सारलं, "वाढ भात." मी वाढला.

गावात ती गोष्ट आता दुसरीकडून सांगतात. पोरीला मराठी कळंना म्हणून गाडी गेली, असं म्हणतात. म्हणू देत. दुकानात एक फरक पडला आहे: फोनवर कुणी काहीही सांगितलं तरी मी उलट विचारते, म्हणजे चालू आहे की बंद? एकानं परवा टोमणा मारला, "बाई, मोटर जळली म्हणलं की बंदच असती हो." मी म्हटलं, "तरी सांगा."

तेराव्या दिवशी आत्याला पोचवायला माझीच गाडी होती. पिशव्या ठेवून झाल्या तरी ती बसेना. म्हणाली, "दिवं केलेस म्हनं. बघू."

शेडमध्ये गेलो. ती तिच्या नेहमीच्या जागेवर, डाव्या बाजूला बसली. मी स्टेअरिंगमागं. दार लावलं, ते उघडलं, मग जोरात लावलं. बसण्याआधी माझ्या गाडीच्या बॅटरीच्या वायरी पुन्हा जोडल्या होत्या. किल्ली अर्धी फिरवली.

आत्या वाकून बघत राहिली. लाल उजेड तिच्या नथीवर आला होता. "माज्या भावानं हेच म्हनलं हुतं तुला," ती म्हणाली. "एवढंच करून दे म्हनलं हुतं."

"हो."

ती आणखी थोडा वेळ बसली. गाडी शेडमध्ये, इंजिन जाम, आणि दोघी पुढं बघत होतो, जणू रस्ता होता. इंजिन सुरू होणार नव्हतं, त्यामुळं दिवे आपले आपण जाणार नव्हते.

"वाढव आता," ती म्हणाली. "बॅटरी उतरंल."

मी किल्ली मागं फिरवली.